कोसा आपला, कौतुक परगावचे

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. इफ्तारला वीसेक मिनिटे उरली होती. ती म्हणाली, "मामू, इथे हातमागाच्या प्रदर्शनात विदर्भाचा कोसा पाहिला. विकणारा सांगत होता, आरमोरी-नागभीडकडचा माल आहे. तुम्ही तर आरमोरीतच राहता. ईदला अम्मीसाठी एक साडी पाठवा ना. तुम्ही कोणाकडून घेता?"

मला उत्तर देता आले नाही. या गावात येऊन मला अठरा वर्षे झाली. इथल्या महाविद्यालयात शिकवतो, इथल्याच दुकानांतून किराणा नेतो, वैनगंगेच्या पुलावरून ब्रह्मपुरीला असंख्य वेळा गेलो असेन. पाहुणे आले की "आमच्याकडे टसर रेशीम होते हो" असे अभिमानाने सांगतो. पण कोशापासून कापड करणारे एकही घर मला माहीत नव्हते. अभिमान सगळा ऐकीव होता. दोन दिवसांनी तास संपवून मी पत्ता विचारत विचारत निघालो. त्या दुपारी जे पाहिले, आणि मी स्वतः जे वागलो, ते लिहावेसे वाटले म्हणून हा लेख.

आधी थोडे कोशाविषयी. तुती, टसर, एरी आणि मुगा हे रेशमाचे चारही प्रकार पिकवणारा जगात आपला एकच देश आहे. तुतीची अळी घरात, रॅकवर वाढते. टसरची अळी मात्र रानात, उघड्यावर, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढते. महाराष्ट्रात टसरचे पीक गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत निघते. आपल्या आरमोरी तालुक्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाजाची कुटुंबे करत आली आहेत. तळ्यावर मासे धरणारे तेच हात पावसाळा लागला की झाडावर अळ्या सोडतात.

अळ्या झाडावर चढल्या की माणसाचा मुक्काम झाडाखाली पडतो. पहिल्या पिकाला साधारण महिना-सव्वा महिना लागतो, थंडीतल्या पिकाला त्याहून जास्त. त्या काळात पक्षी, मुंग्या, गांधीलमाशा, खारी, माकडे या सगळ्यांच्या तोंडून अळ्या वाचवायच्या असतात. हातात गुलेल, तोंडाने हाकारे, दिवसभर नजर वर. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट डहाळ्या कापून दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवायच्या. एखादा जोराचा पाऊस किंवा एखादा रोग आला की महिन्याची मेहनत वाया. टसरच्या मुलखात हे दिवस व्रतासारखे पाळण्याची जुनी रीत आहे. राखण करणारा मांसाहार सोडतो, ब्रह्मचर्य पाळतो, स्वच्छतेचे नियम सांभाळतो.

रमजानच्या पानावर लिहितो आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. अळी वाढताना चार वेळा कात टाकते. प्रत्येक वेळी कात टाकण्याआधी ती खाणे थांबवून निश्चल बसते. कात टाकली की पुन्हा खायला लागते. शेवटी पोटभर खाऊन झाले की खाणे कायमचे बंद करते, फांदीला धाग्याचे वेढे देते, एक बळकट देठ तयार करते आणि त्याला लटकून स्वतःभोवती कोष विणते. एका कोशात शेकडो मीटर धागा असतो. मी हे पहिल्यांदा समजून घेतले तेव्हा रोजात होतो. उपाशी राहून नवे होण्याची कल्पना आमच्याकडे आहे, एकादशी आणि श्रावणाच्या उपवासात आहे, पर्युषणात आहे. ती त्या एवढ्याशा जिवातही असावी याची गंमत वाटली.

त्याच वेळी जुनी एक गोष्ट आठवली आणि ती गंमत उतरली.

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. २०१३ साली तो जुलै-ऑगस्टमध्ये आला होता. त्या वर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा सलग तीन आठवडे आला नाही. आला तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर उभे केले आणि हजेरीवर लांबलचक ऐकवले. तो मान खाली घालून एवढेच म्हणाला, "सर, किडे झाडावर हायेत." वर्ग हसला. मीही हसलो. मला ती सबब वाटली. मी स्वतः रोजा धरून तीन तास घेत होतो, याचा मला थोडा तोराही असावा. तो मुलगा वडिलांच्या जागी दिवसभर पावसात झाडांखाली उभा राहत होता, हे मला कळायला इतकी वर्षे लागली. तो आता हैदराबादला एका गोदामात काम करतो असे त्याच्या वर्गमित्राकडून कळले. झाडावरचे काम घरात आता कोणी करत नाही.

तर त्या दुपारी मी ज्या घरी पोहोचलो ते विणकराचे घर होते. कोष्टी कुटुंब. दारातच बाईंनी सांगितले, "या सर, बसा. रोजा असन तुमचा, म्हनून पानी विचारत नाही." ओळख ना पाळख, पण टोपी पाहून एवढे भान. आतल्या खोलीत खड्डा माग होता. विणकर जमिनीत पाय सोडून बसलेले, पाय पावड्यांवर, हातात धोटा. मागाचा खटक-खटक आवाज ऐकला आणि मी चाळीस वर्षे मागे गेलो.

माझे नाना, म्हणजे आईचे वडील, कामठीचे. मोमीन विणकर. नागपूर-कामठीकडे हातमागावर एका बाजूला कोष्टी आणि दुसऱ्या बाजूला मोमीन, असा हा धंदा दोघांनी मिळून चालवला. नानांच्या घरातही असाच खड्डा होता. मी अगदी लहान असताना तो माग चालताना पाहिल्याचे अंधुक आठवते. यंत्रमागाच्या कापडापुढे त्यांचे कापड महाग पडू लागले, व्यापारी भाव पाडू लागला आणि एका उन्हाळ्यात नानांनी खड्ड्यात मुरूम टाकून तो बुजवला. वरून फरशी बसवली. पुढे ईदला सगळे जमलो की त्याच जागी दस्तरखान अंथरला जाई. आम्ही मुले फरशीवर हात थापटायचो, तर तेवढीच जागा पोकळ वाजायची. नाना ओरडायचे, "वहाँ मत बजाओ." का ओरडतात ते तेव्हा कळत नसे.

म्हणून आरमोरीतल्या त्या घरात खड्डा उघडा पाहून मला आनंद झाला, आणि भीतीही वाटली.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत-वाचत असल्यामुळे शब्दांकडे लक्ष जातेच. उर्दूत ताना-बाना, मराठीत ताणा-बाणा. उर्दूत हुनर, मराठीत हुन्नर. कारागीर तर दोन्हीकडे एकच. कोसा हा शब्द संस्कृतातल्या कोशातून आला आणि रेशीम फारसीतल्या रेशमातून. कापडाच्या एका तुकड्यावर इतक्या भाषा सुखाने नांदतात. आपल्या कोशाचेही तसेच आहे. झाडावर ढिवर, मागावर कोष्टी, सूत काढायला घरच्या बाया, विकायला व्यापारी, नेसायला सगळे. यातला एक हात सुटला तरी साडी होत नाही.

त्या घरी सूत काढण्याचे कामही चालू होते. कोश सोड्याच्या पाण्यात उकळून मऊ करतात. त्याआधी आतला जीव उष्णतेने मारावा लागतो, कारण पतंग कोश फोडून बाहेर आला तर अखंड धागा मिळत नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. रेशमाची ही किंमत आहे आणि ती माहीत असावी. फुटलेल्या कोशांचेही सूत होते, त्याला घिचा म्हणतात. ते जाडेभरडे असते, पण त्याचा स्वतःचा एक पोत असतो. टसर पिकवणाऱ्या अनेक राज्यांत बाया मांडीवर धागा वळतात. कातडी सोलवटते, खुणा कायम राहतात. ती पद्धत जावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचे यंत्र पुढे आणले. हाताने केलेले म्हणजे हात सोलून केलेले, असा अर्थ असायचे कारण नाही. कष्ट कमी करणारे साधन आले म्हणून कापडाचे हातमागपण जात नाही.

विणकरांनी मला करवती साडीची गोष्ट सांगितली. अंग टसरचे, काठ सुती, आणि दोन्हींच्या सांध्यावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. म्हणून करवती. ही नक्षी छापलेली किंवा मागाहून भरलेली नसते. तीन धोटे वापरून, काठाचा धागा आणि अंगाचा धागा प्रत्येक ओळीला एकमेकांत अडकवत जावे लागते. विदर्भाच्या या करवत काठी साड्यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मानांकन मिळाले ही मोठी गोष्ट. पण कागदावरचे मानांकन आणि मागावर बसलेला माणूस यांच्यातले अंतर गिऱ्हाईकालाच भरून काढावे लागते.

मी रेशमाविषयी एवढे लिहितो आहे, पण मला स्वतःला ते वर्ज्य आहे. आमच्यात शुद्ध रेशीम पुरुषांनी वापरत नाहीत. स्त्रियांना मनाई नाही. कारागिरांनी यातूनही वाट काढली. मश्रू नावाचे कापड त्यातूनच आले. मश्रू म्हणजे शरीयतला मान्य असलेले. अंगाला सुती बाजू लागते, वर रेशमाची झळाळी दिसते. औरंगाबादचा प्रसिद्ध हिमरूही सूत आणि रेशीम यांच्या मिलाफाचा. बंधन पुढे आले तर हाताने काम करणारा माणूस रडत बसत नाही, नवे काहीतरी विणतो.

आता माझ्या वागण्याकडे येतो. बहिणीसाठी मी एक साधी, मधासारख्या रंगाची कोसा साडी निवडली. बाईंनी भाव सांगितला. आणि माझ्या तोंडून सवयीने निघाले, "तीनशे कमी करा." मला वाटले होते, घासाघीस होईल. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "ईद हाय तुमची. घ्या सर." मी जिंकल्यासारखा पिशवी घेऊन घरी आलो.

घरी पत्नीने साडी हातात घेऊन पाहिली, उजेडात धरली, मग विचारले, "किती दिवस लागले म्हणाले?" मी सांगितले, सूत काढण्यापासून धरले तर नवरा-बायको दोघांचे दहा दिवस. ती म्हणाली, "सुताचे पैसे वजा करा आणि उरलेल्याला वीसने भागा." मी भागाकार केला. आलेला आकडा इथे लिहीत नाही. आमच्या घरी नळ दुरुस्त करायला येणारा माणूस अर्ध्या तासाचे जेवढे घेतो, त्याच्या आसपास तो होता. त्यातून मी तीनशे कापले होते. आणि त्यांनी ते माझ्या सणाची भेट म्हणून सोडले होते.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकतो. मापात मारू नये, हेही ऐकतो. पण माप मारणारा म्हटले की आपल्याला तराजूमागचा दुकानदारच दिसतो. गिऱ्हाईकही माप मारू शकतो, हे त्या संध्याकाळी मला कळले. दुसऱ्या दिवशी जाऊन तीनशे रुपये दिले. यात माझा मोठेपणा काही नाही. उलट पहिल्याच दिवशी दिले असते तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

आता माझे म्हणणे. आपल्याला हाताच्या वस्तूंचे कौतुक आहे, पण ते परगावी गेल्यावर. मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनात, काचेच्या दुकानात, दिव्यांच्या उजेडात तीच साडी आपण वाकून पाहतो आणि छापील भाव मुकाट्याने देतो. ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो; त्या दिवशी हातमागाचे कपडे घालून फोटो काढतो. आणि विणणारा स्वतः समोर बसलेला असतो तेव्हा त्याच्याशी भाव करतो. जो भाव व्यापाऱ्याला देतो तो कारागिराला द्यायला आपला हात मागे येतो. याचे कारण कंजूषपणा नाही. ओळख नसणे हे कारण आहे. ज्याच्या कामाचे दिवस आपण मोजले, त्याच्याशी घासाघीस होत नाही.

हे कोशापुरतेच नाही. आमच्या इफ्तारच्या दस्तरखानावर पाहा. पाणी कुंभाराच्या माठातले, फळांची टोपली बुरूडाने विणलेली, तांदूळ पाखडलेले सूप त्याचेच. गावातल्या सात-आठ घरांचे हात रोज आपल्या घरात असतात. माठ घेताना तो वाजवून पाहतो, पण घडवणाऱ्याकडे माती कुठून येते हे विचारत नाही. बुरूडाला बांबू वेळेवर आणि परवडेल असा मिळाला तरच टोपली होते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क मिळवून २०११ साली आपला बांबू स्वतः विकला, तेव्हा देशभर बातमी झाली. त्या बातमीत आपल्यासाठी साधा धडा होता. कलेचे मूळ जंगलात आहे. ऐन-अर्जुनाची झाडे उभी राहिली आणि ढिवराला तिथे जायला मोकळीक राहिली, तरच पुण्याच्या प्रदर्शनात कोसा दिसेल.

काही जण म्हणतील, महाग पडते. खरे आहे. प्रत्येकाने कोसा घ्यावा असे मी म्हणत नाही. पाच साड्यांऐवजी एक, किंवा साडीऐवजी ओढणी, स्टोल, ब्लाऊजपीस, असे ज्याने त्याने आपापल्या खिशाप्रमाणे पाहावे. काही जण म्हणतील, गरिबांना मदत होईल म्हणून घेऊ. तसेही नको. रमजानमध्ये आम्ही जकात देतो, ईदच्या नमाजाआधी फितरा देतो. ते देणे वेगळे आणि कापडाची किंमत वेगळी. कारागीर दारात मागायला आलेला नाही, तो माल विकतो आहे. त्याला दान नको, दाम हवा.

आणि काही जण म्हणतील, मग काय मुलांनी शिक्षण सोडून मागावरच बसायचे? मुळीच नाही. हैदराबादला गेलेला माझा विद्यार्थी त्याच्या मर्जीने गेला असेल तर मला आनंद आहे. पण घरच्या धंद्यात पोट भरत नाही म्हणून जावे लागले असेल, तर त्यात माझ्यासारख्या गिऱ्हाईकांचाही वाटा आहे. ज्याला राहायचे आहे त्याला राहता यावे, एवढेच.

घेताना फसू नये म्हणून दोन गोष्टी. खरे रेशीम असेल तर त्याचा सुटा धागा जाळल्यावर जळक्या केसांसारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. दुकानातून घेत असाल तर सिल्क मार्कची खूण पाहा; ती २००४ पासून आहे. आणि सगळ्यात सोपे म्हणजे विणणाऱ्याच्या घरी जाऊन घ्या. सोबत मुलांना न्या. धोटा कसा फिरतो ते त्यांना पाहू द्या. आमच्यासारख्या महाविद्यालयांनी सहली दूर नेण्याआधी एकदा गावातल्या मागापर्यंत न्याव्यात. आठवडी बाजारात विणकर, बुरूड आणि कुंभारांना सावलीची एक ठरलेली जागा मिळाली तर नगर परिषदेला फार खर्च येणार नाही. आणि लग्नसराईचे कापड ऐनवेळी शोधण्यापेक्षा दोन महिने आधी मागावर सांगून ठेवले, थोडी रक्कम आगाऊ दिली, तर कारागिराला सुतासाठी व्यापाऱ्याकडे हात पसरावा लागत नाही.

यंदा गुढीपाडवा आणि ईद लागूनच येत आहेत. एका घरी गुढीला नवे वस्त्र बांधले जाईल, शेजारच्या घरी चाँद पाहून नवे कपडे बाहेर निघतील. दोन्हीकडचे कापड एकाच मागावरचे असायला काय हरकत आहे?

बहिणीची साडी पोस्टाने गेली. भाचीचा पुन्हा फोन आला, "मामू, आता कळले ना, कोणाकडून घ्यायची?" मी म्हटले, कळले. तिच्या मैत्रिणींनी आणखी दोन सांगितल्या आहेत. भाव जो सांगतील तो. परवा सांगायला गेलो तेव्हा विणकर मागावरच होते. मी खड्ड्याच्या काठावर बसून थोडा वेळ ऐकत राहिलो. कामठीच्या घरातली ती जागा आता पोकळसुद्धा वाजत नाही. नवे बांधकाम झाले. आरमोरीत मात्र अजून खटक-खटक ऐकू येते. तो आवाज आहे तोवर एकदा जाऊन या.

सर्वांना रमजान मुबारक, आणि पाडव्याच्या आगाऊ शुभेच्छा.